इंजिनाचा तराजू आणि भुसावळचा मे महिना

स्पोर्ट्स कारसाठी कंपनीचा नसलेला, बाजारातला एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी आणि फिल्टर) घ्यायला निघालं की एक दावा हमखास कानावर येतो: मोठा शंकूसारखा फिल्टर बसवा, १५ हॉर्सपॉवर वाढलेच समजा. बसवल्यावर आवाजही असा घुमतो की विश्वास बसतो. पण आवाज वाढला म्हणून ताकद वाढली असं धरायचं तर सायलेन्सर फुटलेली लुना कधीच शर्यत जिंकायला हवी होती.

आधी हिशेब. टर्बो नसलेलं दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा, साधारण दोन लिटर हवा ओढतं. ६,००० आरपीएमला सेकंदाला झाली १०० लिटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली पाच मिनिटांच्या आत संपली. एवढी हवा फिल्टर आणि नळीतून जाताना थोडा दाब कमी होतो. मूळ फिल्टरचा डबा बदलून जे काही मिळेल ते या ‘थोड्या’तूनच मिळेल.

तो किती हे आपल्याकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडे एक गेज, पलीकडे एक. दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर तुंबला. फरकच नसेल तर नवा फिल्टर घेऊन करायचं काय? गाडीत हेच गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने मोजता येतं. पाइप इंग्रजी ‘यू’सारखा वाकवून उभा बांधा, दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टरनंतरच्या नळीला, दुसरं उघडं. गाडी डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून फुल थ्रॉटल द्या (रस्त्यावर हा प्रयोग नको) आणि दोन्ही पातळ्यांतला फरक वाचा. १० सेंटिमीटर म्हणजे साधारण १ किलोपास्कल. फरक २० सेंटिमीटर आला तर वातावरणाच्या दाबातला सुमारे २ टक्के वाया जातोय. अजिबात अडथळा नसलेला, म्हणजे कुठेच न मिळणारा, इनटेक बसवला तरी १५० हॉर्सपॉवरच्या इंजिनात ३ वाढतील. १५ नाही.

आता दुसरी बाजू. हवेची घनता २५ अंशांना घनमीटरला १.१८ किलो, ४५ अंशांना १.११ आणि ७० अंशांना १.०३. भुसावळला मे महिन्यात ४५ अंश ही काही बातमी नव्हे. बॉनेटखाली उघडा शंकू बसवला की सिग्नलला उभ्या गाडीत तो रेडिएटरची गरम हवा गिळतो आणि आत जाणारी हवा सहज ७० अंशांवर जाते. ४५ वरून ७० म्हणजे ७ टक्के हवा गेली. २ टक्के कमवायला ७ टक्के घालवले. टर्बो गाडीत इंटरकूलर (आत जाणारी हवा गार करणारी जाळी) बरंच सावरून घेतो, सगळं नाही. म्हणून इनटेक घ्यायचाच तर बंद डब्याचा घ्या, ज्याच्या झाकणाची रबरी कड बॉनेटला टेकते आणि ज्याचं तोंड ग्रिलमागे उघडतं. तोंड बंपरखाली फार खाली असलेलेही मिळतात. पावसाळ्यात नाल्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घातली तर ते पाणी पितात. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. गंमत पुढे आहे.

इंजिन हवा नुसती ओढत नाही, ती तोलून घेतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. तेव्हा किती लिटर हवा आली हे कळून ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) भागत नाही, किती ग्रॅम आली ते हवं. वाहत्या हवेचं वजन करायचं कसं? बऱ्याच गाड्यांत हे काम नळीत बसवलेला एमएएफ (मास एअर फ्लो) सेन्सर करतो, आणि त्याची युक्ती आपण चहावर फुंकर घालतो तीच. एक बारीक तार किंवा फिल्म विजेने तापवून हवेपेक्षा शंभर-दोनशे अंश गरम ठेवायची. हवा वाहिली की ती गार होते. तापमान कायम राखायला जास्त करंट लागतो. किती करंट लागला, त्यावरून किती हवा गेली. तारेला नुसता वेग गार करत नाही, दर क्षणी येऊन आदळणारे रेणू गार करतात. म्हणून विरळ हवा आपोआप कमी मोजली जाते. सुरुवातीच्या सेन्सरांत ही प्लॅटिनमची तार ७० मायक्रॉनची होती, केसाएवढी. इंजिन बंद झाल्यावर ती क्षणभर १,००० अंशांपर्यंत तापवून वरचा मळ जाळून टाकत.

या गार होण्याचं गणित मॅकगिल विद्यापीठातल्या लुई किंग यांनी १९१४ मध्ये मांडलं: उष्णता प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते, अधिक एक स्थिरांक. म्हणजे प्रवाह चौपट झाला तर उष्णतेचा वाढणारा भाग दुप्पटच होतो. म्हणून व्होल्टेज आणि हवा यांची सरळ रेष निघत नाही, वाकडा आलेख निघतो, आणि तो ईसीयूत एका ठरावीक नळीसाठी साठवलेला असतो.

मेख इथे आहे. तार नळीतल्या एका ठिपक्यावरचा प्रवाह बघते. एकूण हवा काढताना नळीचा व्यास तोच आहे असं ईसीयू गृहीत धरतो. मूळ नळी आतून ७० मिलिमीटरची होती आणि तुम्ही ७६ची बसवली, तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढलं, तेवढ्याच हवेचा वेग १५ टक्क्यांनी घटला, आणि ईसीयूला १५ टक्के हवा कमी दिसली. तराजूत खोट आली. फुल थ्रॉटलला १२.५ला १ हवं असलेलं मिश्रण १४.७ला १ होतं. सिलिंडर थंड ठेवणारं जादा पेट्रोल गायब. शिवाय इंजिनावर भार कमी आहे असं समजून ईसीयू ठिणगीही लवकर टाकतो. वर ४५ अंशांची हवा. नॉक व्हायला, म्हणजे मिश्रण सिलिंडरात आपोआप पेटून ठोके बसायला, आणखी काय हवं?

वळणाचंही तसंच. गिरणा नदीच्या वळणावर बाहेरचा काठ का तुटतो? पाणी तिथे वेगाने वाहतं. नळीच्या वळणानंतरही हवा बाहेरच्या अंगाला वेगाने जाते. सेन्सर वळणाला चिकटून बसवला तर तो खरं सांगत नाही. मूळ डब्यात सेन्सरपुढे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी अनेकदा असते, ती उगाच नसते. नळीत बसवायचे पत्र्याचे ‘भोवरा पंखे’ मायलेज वाढवण्याच्या नावाखाली विकतात, तेही हाच प्रवाह बिघडवतात. त्यापेक्षा बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची बरं. उपयोग त्याचाही नाही, पण निदान हवेच्या वाटेत येत नाही.

धुळीबद्दल थोडक्यात. ९९ टक्के धूळ अडवणारा आणि ९७ टक्के अडवणारा फिल्टर ऐकायला सारखेच वाटतात, पण दुसरा आत तिप्पट धूळ सोडतो. रस्त्याच्या धुळीतली वाळू रिंगा आणि सिलिंडर घासते. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस उघड्या शंकूवर गोधडीसारखी बसते. आपल्याकडे कोरडा फिल्टर बरा. तेलाचा कापडी घेतलाच तर धुऊन सावलीत वाळवा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आणि तेल मोजकंच लावा. जास्तीचं तेल उडून त्याच गरम फिल्मवर बसतं. सेन्सर साफ करायचा तर एमएएफचाच स्प्रे वापरा, कार्बोरेटरचा नाही.

इनटेक बसवून झाला की ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावा, इंजिन पूर्ण तापू द्या आणि शॉर्ट व लाँग फ्यूएल ट्रिमची, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ-घट करतोय त्याची, बेरीज बघा, एकदा आयडलला, एकदा ३,००० आरपीएमला. दोन्हीकडे ±५ टक्क्यांत असेल तर छान. फार वर गेली तर पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड येतो आणि दिवा लागतो. आयडलला +१८ पण ३,०००ला +४ असेल, तर कुठून तरी न तोललेली हवा आत येतेय. बहुतेक वेळा ब्रीदरची (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये आणणारी) नळी परत जोडायची राहिलेली असते. दोन्हीकडे सारखेच +१८ दिसले, तर क्लॅम्प आवळत बसू नका. सेन्सरची नळी काढा आणि व्हर्नियर कॅलिपरने तिचा आतला व्यास मोजा.