महामार्ग क्रमांक व मार्गदर्शक फलक (सोलापूर परिसर)

चालू रस्ता कोणता, तो कुठे जातो आणि पुढचे गाव किती लांब, हे चालकाला सांगणाऱ्या रस्त्याकडेच्या खुणा. क्रमांकाची पाटी, दिशादर्शक फलक आणि किलोमीटरचे दगड हे त्यांतील मुख्य प्रकार. सोलापुरात रस्ते क्रमांकाने फारसे कोणी ओळखत नाही. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड, तुळजापूर रोड हीच बोली. परगावचा चालक मात्र इथे गोंधळतो. पुणे रोड आणि हैदराबाद रोड ही एकाच राष्ट्रीय महामार्ग ६५ ची (पुणे–मछलीपट्टणम) दोन टोके, तर तुळजापूर रोड व विजापूर रोड दोन्ही ५२ चे.

सध्याचे क्रमांक २०१० च्या फेररचनेतले. सम आकडा उत्तर-दक्षिण, विषम आकडा पूर्व-पश्चिम. तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा, आणि तिचे शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे. त्यामुळे मंगळवेढा, सांगली, कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला जाणारा १६६ हा किनारपट्टीवरच्या ६६ ची शाखा ठरतो; अक्कलकोटहून कलबुर्गीकडे जाणारा १५०-ई हा ५० ची. जुन्या नकाशात ९, १३ आणि २११ हे आकडे दिसले, तर ते अनुक्रमे पुणे–हैदराबाद, विजापूर आणि धुळे रस्त्याचे समजावेत.

महामार्गावरचे दिशाफलक हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत असतात. निळी पाटी द्रुतगती मार्गावर, तसेच पेट्रोल पंप, दवाखाना अशा सोयींसाठी. चौकाआधी पूर्वसूचना, चौकात बाण आणि चौक ओलांडल्यावर पुढच्या गावांची अंतरे, असा क्रम असतो. तिसऱ्या फलकाकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, पण वळण चुकले की नाही हे खरे तोच सांगतो.

गावांची नावे हा इथला वेगळाच घोळ. २०१४ मध्ये विजापूरचे विजयपुरा आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव. बोलण्यात जुनी नावे टिकून आहेत, त्यामुळे चहाच्या टपरीवर एक नाव ऐकायला मिळते आणि फलकावर दुसरे. टाकळीजवळ भीमा ओलांडली की पाट्यांवर कन्नड येते. अशा वेळी क्रमांक धरून चालणे बरे.

दगडाचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. गाडी बंद पडल्यास १०३३ या मदत क्रमांकावर महामार्गाचा क्रमांक आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटर सांगावा; ‘मोहोळच्या थोडं अलीकडं’ एवढ्यावर रात्री गाडी शोधणे अवघड जाते.