कृत्रिम हवामान: तेल अवीवच्या नोंदींपासून वेबसाइटपर्यंत

गटाराचा पाइप किती रुंद हवा, किती वर्षांतून एकदा पीक हातचे जाईल, हे ठरवायला ३० वर्षांच्या नोंदी अपुऱ्या पडतात. घडले तेवढेच त्यांत असते. घडू शकले असते ते नसते. ही उणीव 'वेदर जनरेटर' भरून काढतो. तो त्या जागच्या हवेचा स्वभाव आकड्यांत पकडून शेकडो वर्षांचे रोजचे कृत्रिम हवामान रचतो. हा अंदाज नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

पाऊस लागला की लागून राहतो आणि उघडीपही टिकते, हे बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८५२ मध्येच टिपले होते. त्याला नेमके गणित मिळाले १९६२ मध्ये. गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी तेल अवीवच्या २७ हिवाळ्यांतले २,४३७ दिवस तपासले (तिथला पावसाळा हिवाळ्यातच). काल पाऊस असेल, तर आज पडण्याची शक्यता ०.६६२, काल कोरडे असेल, तर ०.२५०. बस, एवढेच! ० ते १ मधला कोणताही आकडा काढा. काल कोरडे होते आणि आकडा ०.१८, म्हणजे ०.२५० पेक्षा कमी आला, तर आज पाऊस. आता उद्यासाठी मर्यादा ०.६६२. असे कितीही हिवाळे रचता येतात.

१९८१ मध्ये अमेरिकी कृषी विभागातल्या रिचर्डसन यांनी पावसाला तापमान आणि सौर प्रारण (सूर्याकडून येणारी ऊर्जा) जोडले.

पण फक्त कालचा दिवस आठवणाऱ्या या पद्धतीत पावसाचे लांबलचक खंड फार कमी येतात, आणि शेतकऱ्याला बुडवतो तो नेमका तोच खंड. म्हणून १९९१ मध्ये रॅस्को, सीडल आणि सेमेनोव यांनी दिवसाऐवजी खंडाची लांबीच एकक धरली. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राचे नाव लावणारा 'लार्स-डब्ल्यूजी' हा जनरेटर याच वाटेवरचा. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची दुरुस्ती वाटते.

२००९ मध्ये ब्रिटनच्या भावी हवामानाच्या 'यूकेसीपी०९' या माहितीसंचाने जनरेटर थेट वेबसाइटवर आणला. नकाशावर ५ किमीचा चौकोन निवडायचा, दशक आणि हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची पातळी ठरवायची, की रोजच्या आणि तासागणिक नोंदींच्या फाइली हाती येत. संख्याशास्त्र न शिकलेल्या अभियंत्यालाही हे जमू लागले, ही मोठी गोष्ट होती. मात्र शेजारच्या दोन चौकोनांतला पाऊस एकमेकांशी जुळवलेला नसे. त्यामुळे मोठ्या नदीखोऱ्याच्या पुरासाठी ते चौकोन नुसते एकत्र करून चालत नसे. २०१८ च्या संचात हा जनरेटर घेतलाच नाही.