लाकूड खाणारा शिंपला

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक चित्र आलं: विजयदुर्गाच्या समुद्रतळाशी आंग्र्यांचं अख्खं गलबत, शिडांसकट उभं. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. अभिमान आहे, पण पाठवलं नाही. ते आरमार १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात जळालं. (मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती, हे पुण्यात जरा हळू बोलायचं.) आणि एखादं धड बुडालं असतं, तरी इतकी वर्षं शाबूत राहिलं नसतं.

हर्णैच्या वाळूत मिळालेला एक लाकडाचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. वरून भोकं टाचणीच्या डोक्याएवढी, पण मोडल्यावर आत करंगळी जाईल अशी भुयारं आणि त्यांना पांढरा गिलावा. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतं. म्हणजे चुना, कॅल्शियम कार्बोनेट. लाकडात चुना आणला कोणी?

टेरेडोने. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला. पिल्लू लाकडावर बसतं, सुईच्या अग्राएवढं भोक पाडून आत शिरतं आणि आतच वाढतं. म्हणून दार लहान, घर मोठं! शिंपल्याच्या दोन कवचांची झालीय दातेरी कानस. अंग मागे लांबलचक, मऊ. किसलेल्या लाकडातलं सेल्युलोज पचवायला लागणारी विकरं बनवतात त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू. लाकडात नायट्रोजन नगण्य, तोही हेच जिवाणू पाण्यात विरघळलेल्या वायूपासून पुरवतात. भुयारं सहसा एकमेकांना छेदत नाहीत, त्यामुळे फळी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून जाळी झालेली असते.

त्याला खारं पाणी आणि प्राणवायू लागतो. बाल्टिकचं पाणी मचूळ, म्हणून १६२८ मध्ये स्टॉकहोमला बुडालेलं ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये जवळपास अख्खं वर आलं. नंतर १७ वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे फवारे मारले, नाहीतर वाळताना लाकूड आक्रसून तडकलं असतं. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या जहाजाचा गाळात रुतलेला अर्धा भागच वाचला; तिथे प्राणवायू पोचला नव्हता.

विजयदुर्गाच्या पाण्यात संशोधकांना मिळाले ते दगडी नांगर. दगड टेरेडोला चावता येत नाही. लाकूड शोधायचंच तर मी खाडीच्या गाळात खोल शोधीन, शिडं मात्र सापडणार नाहीत.