जखडलेला निलंबन बोल्ट

जखडलेला निलंबन बोल्ट : ट्रकच्या निलंबन यंत्रणेतील (सस्पेन्शनमधील) एखादा बोल्ट गंजामुळे आपल्या जागी इतका घट्ट बसतो, की नट पूर्ण निघाल्यावरही तो ओढून वा ठोकून बाहेर येत नाही. अशा बोल्टास ही संज्ञा लावतात. गॅरेजमध्ये त्याला ‘जाम बोल्ट’ म्हणतात. पाट्यांच्या स्प्रिंगच्या डोळ्यातून जाणारा बोल्ट, शॅकलचा (स्प्रिंगचे टोक चौकटीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा) बोल्ट, शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि कंट्रोल आर्मचे (चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्याचे) बोल्ट या जागा त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. सामान्य जाम नट आणि जखडलेला निलंबन बोल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आटे धरतात, तर दुसऱ्यात बहुधा आटे सुस्थितीत असतात आणि आटे नसलेला गुळगुळीत दांडा बुशच्या (सांध्यात बसवलेल्या रबरी अस्तराच्या) आतील नळीत धरलेला असतो. घरी काम करताना होणारे बहुतेक नुकसान हा फरक लक्षात न आल्याने होते.

रचना व कारणे : रबरी बुशचे तीन भाग असतात : बाहेरचे पोलादी कवच, मधले रबर आणि आतली पोलादी नळी. बोल्ट या नळीतून जातो आणि ब्रॅकेटचे दोन्ही गाल नळीच्या तोंडांवर आवळून धरतो. त्यामुळे चाक वरखाली होते तेव्हा नळी जागची हलत नाही, फक्त रबर पिळले जाते. दांडा व नळी यांच्यातील फट मिलीमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. इतक्या अरुंद फटीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते, पण वाळून बाहेर पडत नाही. फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर आणि खोल भागात कमी असल्याने तेथे एक विद्युत् रासायनिक घट तयार होतो. त्यात खोल भाग धनाग्र बनतो व झिजतो. क्षार मिसळलेल्या पाण्यात ही क्रिया आणखी वेगाने चालते. लोखंडापासून बनलेल्या ऑक्साइडाचे घनफळ मूळ धातूच्या दुपटीहून अधिक असते आणि त्यात पाणी बांधले गेल्यास ते आणखी वाढते. फट भरून गेल्यावर गंजाला जागा उरत नाही आणि तो दांडा व नळी यांच्यामध्ये पाचरीसारखा दाटतो. ॲल्युमिनियमच्या आर्ममध्ये पोलादी बोल्ट असल्यास दोन भिन्न धातूंच्या संपर्कामुळे होणारे क्षरणही यात भर घालते.

इतिहास : मळसूत्राच्या कल्पनेचा उगम निश्चित नाही. ग्रीक परंपरा ती इ. स. पू. चौथ्या शतकातील टॅरेंटमच्या आर्किटसकडे नेते, तर पाणी उपसण्याचे मळसूत्र आर्किमिडीजच्या (इ. स. पू. तिसरे शतक) नावावर आहे. ॲसिरियन राजा सेनाखेरीब (कारकीर्द इ. स. पू. सु. ७०४–६८१) याच्या शिलालेखातील एका वर्णनावरून ॲसिरियाच्या अभ्यासक स्टेफनी डॅली यांनी हे साधन त्याच्याही काळी असावे, असे मत मांडले आहे. हे मत सर्वमान्य नाही, कारण शिलालेखातील शब्दांचा अर्थ तेवढा थेट लागत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो ॲलेक्झांड्रियाचा हेरॉन (इ. स. पहिले शतक). मळसूत्री दाबयंत्राबरोबरच लाकडी नटाच्या आत आटे पाडण्याच्या साधनाचेही वर्णन त्याने केले आहे. आतले आटे व बाहेरचे आटे एकमेकांत बसवण्याचे कौशल्य तेव्हा होते, हे त्यावरून म्हणता येते. धातूचे नट-बोल्ट सर्रास वापरात येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. हेन्री मॉडस्ली याच्या आटे पाडण्याच्या लेथनंतर (सु. १८००) एकसारखे आटे मोठ्या प्रमाणावर काढता येऊ लागले. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ५५° कोनाच्या आट्यांचे, तर विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६०° कोनाच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. आजचे मेट्रिक आटेही ६०° चेच आहेत.

जखडण्याची समस्या आजच्या स्वरूपात निर्माण झाली ती आट्यांच्या इतिहासामुळे नव्हे, तर बुशच्या इतिहासामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये पितळी बुश व ग्रीस भरण्याचे निपल असे. तेथील पिन फिरती असून तिला नियमित ग्रीस मिळे. रबरी बुशने ग्रीसिंगची दगदग संपवली, पण त्याबरोबर त्या फटीत जाणारे वंगणही थांबले. अनेक अवजड वाहनांत ग्रीस निपलची रचना अजून टिकून आहे आणि जेथे ग्रीसिंग वेळेवर होते तेथे पिन सहसा जखडत नाही.

ओळख : नट सुटल्यावर बोल्टाच्या डोक्याला पाना लावून फिरवून पाहावे. डोके थोडे फिरले आणि पाना सोडताच परत मागे आले, तर बोल्ट नळीला चिकटला आहे. फिरत आहे ती नळी, पिळले जात आहे ते रबर आणि मागे ओढतो तोही रबराचाच ताण. या वेळी ब्रॅकेट व बुश यांच्या सांध्यातून तांबूस भुकटी गळताना दिसते आणि रबराचा करकर असा आवाज येतो. अनेकांना हे ‘सुटायला लागल्याचे’ लक्षण वाटते आणि ते जोर वाढवतात. प्रत्यक्षात गंज तसूभरही हललेला नसतो. याउलट डोके मोकळेपणी गोल फिरत असेल, तर गंज तुटला आहे आणि उरलेले काम ठोकण्याचे आहे. काही आर्मचे बोल्ट विकेंद्री (भोक मध्यापासून सरकलेल्या) वॉशरचे असतात व चाकांची अलाइनमेंट त्यांवरच ठरते. असे बोल्ट हलवण्यापूर्वी वॉशरची जागा खुणेने नोंदवावी.

भेदक तेल : पातळ, कमी पृष्ठताणाचे तेल फटीत शिरते, एवढे तत्त्व निर्विवाद आहे. किती शिरते, याबद्दल एकमत नाही. केशनलिकेत द्रव किती वेळात किती आत जातो, याचा नियम बेल व कॅमरन (१९०६), लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी स्वतंत्रपणे मांडला. श्रेय कोणाचे, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यातून निघणारी गोष्ट कामाची आहे : आत गेलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट खोल जाण्यासाठी चौपट वेळ लागतो. तासाभरात १० मिमी. गेलेले तेल २० मिमी. जायला ४ तास घेईल. गंजाने भरलेली फट ही स्वच्छ नळी नसल्याने हा हिशेब ढोबळच धरावा. पण आदल्या संध्याकाळी तेल घालून सकाळी पाना हाती घ्यावा, या जुन्या कारागिरांच्या सल्ल्याला तो पाठबळ देतो. बुशमध्ये आणखी एक अडचण आहे. ब्रॅकेटचे गाल नळीच्या तोंडांवर दाबून बसलेले असल्याने तेलाला वाटच नसते. म्हणून आधी नट सैल करून गाल किंचित सुटू द्यावेत व मग तेल घालावे. हा क्रम उलटा केल्यास तेल बाहेरच ओघळते.

कोणते तेल वापरावे, यावर मतभेद आहेत. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तयार झालेले डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी होते. नावातील अक्षरेही ‘पाणी हटवणे’ याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत आणि ४० हा आकडा प्रयोगाचा क्रमांक आहे. खास भेदक म्हणून बनवलेली तेले निराळी असतात. ॲसिटोन व ऑटोमॅटिक गिअरचे तेल यांचे घरगुती मिश्रण काही जण सर्वोत्तम मानतात. हे दोन द्रव एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी हलवावे लागतात. शिवाय ॲसिटोनची वाफ पाण्याच्या गोठणबिंदूखालील तापमानालाही पेट घेते, त्यामुळे ज्या कामात पुढे ज्योत लागणार आहे तेथे हे मिश्रण टाळणेच बरे. तेलांच्या परस्पर तुलनेपेक्षा दिलेला वेळ व अधूनमधून मारलेले ठोके यांचा परिणाम मोठा असावा, असे दिसते.

बळाचा वापर : बोल्ट आवळताना लावलेल्या पिळापैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात, सु. ४०% आट्यांच्या घर्षणात खर्च होतो आणि जेमतेम १०% प्रत्यक्ष ताण निर्माण करतो. जखडलेल्या बोल्टात हे गणित कोलमडते, कारण सगळा पीळ डोके व गंज यांच्यामधल्या दांड्यावर येतो. १०·९ दर्जाच्या (बोल्टाच्या ताकदीचा हा एक उच्च दर्जा) १२ मिमी. बोल्टाचा नेहमीचा आवळण्याचा पीळ सु. १२० न्यूटन-मीटर असतो. पान्याला १ मी. लांबीचा पाइप चढवून टोकाशी ५० किग्रॅ. जोर दिला, तर ४९० न्यूटन-मीटर पीळ पडतो. बोल्ट तुटणारच. दीर्घ सलग पिळापेक्षा लहान, वारंवार बसणारे आघात अधिक उपयोगी पडतात, कारण गंज ठिसूळ असतो आणि पोलाद चिवट. इम्पॅक्ट रेंचने (आघात देत फिरणाऱ्या यांत्रिक पान्याने) आलटूनपालटून आवळण्याच्या व सोडण्याच्या दिशेने थोडा थोडा वेळ चालवणे याच तत्त्वावर आधारलेले आहे. टोकावर ठोकायचे असल्यास नट आट्यांच्या शेवटाशी समपातळीत परत लावून त्यावर घाव घालावा. उघड्या आट्यांवर हातोडा बसला तर टोक फुलते आणि मग जखडलेला दांडा सुटला तरी बोल्ट ब्रॅकेटच्या भोकातून निघत नाही.

उष्णता : पोलादाचा रेखीय प्रसरण गुणांक सु. १२ × १०⁻⁶ प्रति °से. आहे. १४ मिमी. व्यासाचा भाग ३००° ने तापला, तर तो केवळ ०·०५ मिमी. फुगतो. बाहेरचा भाग तापवून भोक मोठे करावे, हे सर्वत्र सांगितले जाणारे स्पष्टीकरण ॲल्युमिनियमच्या घराला चांगले लागू पडते, कारण त्याचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते. रबरी बुशमध्ये मात्र नळी रबराच्या आत दडलेली असते आणि ज्योत तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी रबर पेटते. येथे बोल्टच तापवून थंड होऊ देणे व त्या फुगण्या-आकसण्याने गंजाला तडे पाडणे, हे स्पष्टीकरण जास्त पटणारे आहे. विद्युत् चुंबकीय प्रवर्तनावर चालणारे वेटोळ्याचे तापक ज्योतीशिवाय हेच काम करतात.

तापलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. १०·९ दर्जाच्या बोल्टाचे पाणी किमान ४२५° से.ला उतरवलेले (टेंपर केलेले, म्हणजे कठीण केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवलेले) असते, तर घन पदार्थ अंधारात लाल दिसू लागतो तो सु. ५२५° से.ला (जॉन विल्यम ड्रेपर, १८४७). म्हणजे डोळ्यांना लाली दिसली, त्याआधीच बोल्टाचे बळ घटू लागलेले असते. गॅस भरलेल्या बंद शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगाला ज्योत लावणे स्फोटाला निमंत्रण आहे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंश राहिलेल्या भागाला तापवल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो आणि जस्ताचा मुलामा तापल्यावर निघणाऱ्या धुराने ताप भरतो.

कापणे : वरील उपाय थकल्यावर बुश वाचवण्याचा हट्ट सोडून ब्रॅकेटचा गाल व बुश यांच्या मधल्या फटीत करवत घालतात. दोन्ही बाजूंनी कापल्यावर दांडा व नळी एकत्रच तुटतात आणि आर्म अथवा स्प्रिंगचा डोळा खाली येतो. १०·९ दर्जाच्या बोल्टाची कठीणता रॉकवेल सी मोजपट्टीवर ३२ ते ३९ असते. साधे पाते यावर लवकर बोथट होते, म्हणून कार्बाइड दात असलेले पाते घेतात. ग्राइंडरच्या चकतीने ब्रॅकेटच्या गालाला खाच पडण्याचा धोका अधिक.

दक्षता : घरी काम करताना वजन जॅकवर न ठेवता योग्य क्षमतेच्या स्टँडवर घ्यावे आणि टेकलेल्या चाकांना ठोकळे लावावेत. बोल्ट निघताच स्प्रिंगमधला साठलेला जोर सुटतो, म्हणून ॲक्सल किंवा आर्मखाली वेगळा आधार द्यावा. बोल्टाच्या रेषेत तोंड वा हात ठेवू नये.

पुन्हा बसवणी : नव्या बोल्टाच्या दांड्याला, म्हणजे नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागाला, तांबे वा निकेलयुक्त अँटी-सीझ (जखडणे रोखणारे वंगण) लावतात. आट्यांना ते लावल्यास घर्षण कमी होऊन त्याच पिळात बोल्टावर जास्त ताण येतो, हे ध्यानात ठेवावे. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाके जमिनीवर टेकवून, वाहनाचे वजन निलंबनावर आल्यावरच. लोंबकळत्या स्थितीत आवळला तर रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते.