७२०, ६५३ की ८७८? गुरुवारच्या क्विझमधल्या भांडणाची पार्श्वभूमी

गुरुवारी पबातल्या क्विझच्या तिसऱ्या राउंडला काय झालं हे आता वेटरपासून पार्किंगवाल्या काकांपर्यंत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे थोडक्यात सांगतो. प्रश्न होता महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती. क्विझमास्टरच्या शीटवर उत्तर ७२० किलोमीटर, दहा टक्के इकडेतिकडे चालेल. एका टीमने ८७८ लिहिलं, शून्य. शेजारच्या टेबलाने ६५३ लिहिलं, पूर्ण मार्क. शेवटी ८७८वाले एका मार्काने हरले आणि बक्षिसाचा बिअरचा पिचर गेला ६५३वाल्यांकडे. मी कुठल्याच टेबलावर नव्हतो, स्कोअर लिहायला बसलो होतो, म्हणून दोन्हीकडच्या शिव्या मलाच. तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो की बरोबर कोण होतं, म्हणून एकदाच सगळं मागचंपुढचं लिहून टाकतो.

पब क्विझ ही फार पुरातन गोष्ट नाहीये. ब्रिटनमध्ये ती खऱ्या अर्थाने पसरली १९७० च्या दशकात, आणि १९७६ च्या सुमारास तिथे दोघांनी मिळून पबांना तयार प्रश्न पुरवायचा धंदाच सुरू केला. हेतू ज्ञानप्रसार वगैरे अजिबात नव्हता, आठवड्यातल्या ज्या रात्री गल्ला ओस पडतो त्या रात्री लोकं यावीत एवढाच. आपल्याकडे क्विझ गुरुवारी का असते? अर्धं पुणं दत्ताचा वार म्हणून त्या दिवशी पीत नाही, मालकाला टेबलं भरायला काहीतरी हवं असतं. शनिवारी क्विझ ठेवेल असा वेडा मालक मी तरी पाहिला नाही.

पण त्या तयार प्रश्नांमुळे एक गोष्ट झाली. प्रश्न एकाने काढायचा, दुसऱ्याने वाचायचा. वाचणाऱ्याला उत्तर कुठून आलंय ते माहिती नसतं, त्याच्याकडे फक्त कागद असतो. मग कोणी हरकत घेतली की तो काय म्हणणार, "शीटवर हेच आहे." हे वाक्य आपण गुरुवारी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही, पण चारपेक्षा कमी नव्हतं.

आणि शीट चुकते. क्विझ या शब्दाचीच गोष्ट घ्या, डब्लिनच्या एका नाटकवाल्याने १७९१ मध्ये पैज मारून एका रात्रीत शहरभर भिंतींवर हा निरर्थक शब्द लिहवला आणि दुसऱ्या दिवसापासून तो रूढ झाला, ही कथा क्विझमध्ये हमखास येते. शब्द त्याच्या आधीच्या लिखाणातही सापडतो. म्हणजे क्विझवाल्यांची स्वतःबद्दलची सगळ्यात लाडकी गोष्टच टिकत नाही.

त्याहून भारी किस्सा कॅनडातल्या ट्रिव्हियल पर्स्यूट या प्रश्नोत्तरांच्या बोर्ड गेमचा, रंगीत पाचरा गोळा करायच्या असतात तो. १९७९ मध्ये दोन पत्रकारांना सुचला, बाजारात आला आणि तुफान खपला. त्यात एक प्रश्न होता की अमेरिकन टीव्हीवरच्या कोलंबो या डिटेक्टिव्हचं पहिलं नाव काय, उत्तर फिलिप. आता हे फिलिप नाव सिरियलमध्ये कुठेच नव्हतं. सामान्य ज्ञानाचा एक जाडजूड कोश लिहिणाऱ्या लेखकाने ते मुद्दाम घुसडलं होतं, कोणी आपलं पुस्तक उतरवलं तर पकडता यावं म्हणून. पकडलं त्याने, १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरची केस ठोकली. गेमवाल्यांनी त्याचं पुस्तक वापरल्याचं कबूल केलं पण म्हणाले की आम्ही अशी बरीच पुस्तकं वापरली. कोर्ट म्हणालं तथ्यांवर कोणाची मालकी नसते, आणि १९८७ मध्ये अपिलातही तो हरला. म्हणजे एका माणसाने मनाने रचलेलं खोटं नाव लाखो घरांत बरोबर उत्तर म्हणून वाचलं गेलं, कारण कार्डाच्या मागे तसं छापलेलं होतं.

आपल्याकडचा प्रवास बहुतेकांना माहितीये, त्यामुळे भराभर. कोलकात्यात १९६७ मध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये पहिली खुली क्विझ, १९७२ पासून रेडिओवर शाळाशाळांची, १९८५ मध्ये दूरदर्शनवर, आणि २००० च्या जुलैत तो करोडवाला कार्यक्रम, ज्याच्यामुळे शेजारच्या काकू पण "लॉक" म्हणायला लागल्या. या सगळ्यातून क्विझवाल्यांची एक वेगळी जमात तयार झाली, बरीचशी इंजिनिअरिंग कॉलेजांतली, त्यांचे नियम वेगळे, पाउन्स आणि बाउन्स वगैरे. पाउन्स म्हणजे तुमचा नंबर नसतानाही उत्तर लिहून द्यायचं, चुकलं तर मार्क कापले जातात. बाउन्स म्हणजे एका टीमला आलं नाही की तोच प्रश्न पुढच्या टीमकडे जातो. या जमातीला आकडे विचारणं आवडत नाही. त्यांच्या मते चांगला प्रश्न म्हणजे डोकं चालवून काढता येतो तो, लांबी, उंची, साल विचारणं म्हणजे प्रश्न काढणाऱ्याचा आळस.

पण मराठी घरांत सामान्य ज्ञान म्हणजे मुळात आकडेच. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला मिळणारी ती पिवळट कागदाची गाइडं आठवा, कळसूबाई १६४६ मीटर, किनारा ७२० किलोमीटर, जिल्हे... आणि जिल्ह्यांपाशी गाइडाची आवृत्ती बघावी लागायची. १९६० ला २६, १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, मग लातूर, गडचिरोली, करत करत १९९९ मध्ये ३५, आणि २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर धरून ३६. दादाचं गाइड धाकट्याने वापरलं की मार्क गेलेच. तरी जिल्ह्यांचं सोपं आहे, अधिसूचना निघते, तारीख असते, वाद घालायला जागा नाही. राष्ट्रीय खेळासारखं नाही ते. हॉकी हॉकी म्हणून आपण सगळे मोठे झालो आणि २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहिती अधिकारात विचारलं तेव्हा केंद्र सरकार म्हणालं की असा कुठला खेळ आम्ही जाहीरच केलेला नाही. तरी आजही दर दोन महिन्यांनी कोणीतरी हॉकीवर मार्क देतंच.

आता किनारा. इथे जरा वेळ घेतो.

७२० हा आकडा पाठ्यपुस्तकातला आहे, राज्याच्या कागदपत्रांतही तोच फिरतो. आपल्यापैकी ज्यांनी दहावी मराठी माध्यमातून केलीये त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ७२० येईल. पण केंद्राच्या तक्त्यात महाराष्ट्रापुढे ७२० कधीच नव्हतं, तिथे होतं ६५२.६. हा तोच तक्ता ज्यातून देशाचा ७५१६.६ हा आकडा येतो, ५४२२.६ मुख्य भूमीचा आणि २०९४ बेटांचा. गंमत म्हणजे आपण शाळेत देशासाठी ७५१६.६ पाठ करायचो आणि राज्यासाठी ७२०, म्हणजे बेरीज एका हिशोबाची आणि त्यातला आपला वाटा दुसऱ्याच हिशोबाचा, आणि कुठल्या सरांनी हे लक्षात आणून दिल्याचं मला तरी आठवत नाही.

तो तक्ता १९७० च्या दशकातल्या मोजणीवर होता. नकाशाचं प्रमाण १ ला ४५ लाख. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर हा जमिनीवरचे ४५ किलोमीटर. आता कोकणचा किनारा डोळ्यासमोर आणा, वसईची खाडी, धरमतर, राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, खाली तेरेखोल. ४५ किलोमीटरला एक सेंटीमीटर म्हटल्यावर यातल्या बऱ्याच खाड्या पेन्सिलीच्या जाडीत गडप होतात. एसटीने गुहागरहून दापोलीकडे जाणाऱ्याला विचारा खाडी मोजायची की नाही ते, एक तर फेरीबोट पकडा नाहीतर चिपळूणपर्यंत वळसा घाला.

मग नवी मोजणी झाली, १ ला अडीच लाखाच्या नकाशांवर, म्हणजे एका सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. ती केंद्राच्या एका खात्याच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात आली आणि देशाचा किनारा झाला ११,०९८.८१ किलोमीटर. जवळपास ४८ टक्के वाढ, जमीन एक इंचही न वाढता. गुजरात १२१४.७ वरून २३४०.६२. बंगाल १५७.५ वरून ७२१.०२, साडेचार पट, सुंदरबनचा नकाशा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. गोव्याचाही वाढून १९३.९५ झाला. पुदुच्चेरीचा उलट कमी झाला. आणि महाराष्ट्र ६५२.६ वरून ८७७.९७. हेच ते ८७८.

म्हणजे ८७८ लिहिणारे हवेतलं बोलत नव्हते. त्यांच्याकडे तिघांतला सगळ्यात ताजा आकडा होता आणि त्यांनाच भोपळा मिळाला. ६५३वाल्यांकडे केंद्राने स्वतःच मागे टाकलेला आकडा होता, पण ७२० च्या दहा टक्के खाली म्हणजे ६४८, त्यात ते पाच किलोमीटरने बसले. ज्याच्याकडे शिळी माहिती त्याला पिचर. मी तटस्थ आहे हे आधीच सांगतो, पण हे बघून मला तरी वाईट वाटलं.

क्विझमास्टरची बाजूही सांगायला हवी. तो म्हणाला की जे बहुतेकांना माहितीये ते उत्तर, आणि उद्या कोणा पोराने परीक्षेत ८७८ लिहिलं तर त्याचेही मार्क जातील. ठीक. पण स्पर्धा परीक्षेत निदान पहिली उत्तरतालिका लागते, हरकती मागवतात, मग अंतिम लागते. इथे हरकत घेतली तर पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

बरं, ८७८ तरी खरं का? इथे मामला अजून गुंततो. एका ब्रिटिश शास्त्रज्ञाला देशांच्या सीमा किती लांब आहेत ते हवं होतं, युद्धांचा अभ्यास करत होता तो, सीमा जितकी लांब तितकी भांडणं जास्त का असं काहीसं. तर त्याला सापडलं की स्पेन आणि पोर्तुगालची एकच सीमा एक देश ९८७ किलोमीटर सांगतो आणि दुसरा १२१४. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं, लहान देशाने बारीक मोजलं होतं इतकंच. तो माणूस १९५३ मध्ये गेला, त्याचं हे काम १९६१ मध्ये छापलं गेलं, आणि १९६७ मध्ये दुसऱ्या एका गणितज्ञाने त्यावरूनच ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब असा निबंध लिहिला जो पुढे फार गाजला. सार असं की मोजपट्टी जितकी लहान तितका किनारा लांब, आणि हे थांबत नाही. अडीच लाखाच्या जागी पंचवीस हजाराचा नकाशा घ्या, महाराष्ट्र हजाराच्या पुढे गेला तरी मी आश्चर्य करणार नाही. प्रत्येक कातळ मोजत सुटलात तर अजून. त्यामुळे ८७७.९७ मधला तो .९७ मला जरा विनोदीच वाटतो, आणि ७५१६.६ मधला .६ पण. भरती-ओहोटीत सहाशे मीटर कुठे जातात कोणाला कळतंय.

म्हणून "किनारा किती किलोमीटर" याचं प्रामाणिक उत्तर एकच, कुठल्या नकाशावर? पण असं लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, मी एकदा दुसऱ्या एका पबात लिहून बघितलंय. वर क्विझमास्टरने ते माइकवर वाचून दाखवलं.

यातलं टिकाऊ काय असेल तर क्रमांक, आणि तोही पूर्ण नाही. जुन्या तक्त्यात गुजरात पहिला, आंध्र ९७३.७ ने दुसरा, तमिळनाडू ९०६.९ ने तिसरा. नव्यात तमिळनाडू १०६८.६९ आणि आंध्र १०५३.०७, जागा बदलल्या. म्हणजे "भारतात दुसरा सर्वात लांब किनारा कुठल्या राज्याचा" हा जो गाइडातला ठरलेला प्रश्न आहे त्याचंही उत्तर फिरलंय, आणि माझ्या अंदाजाने निम्म्या शीटांवर अजून आंध्रच आहे. अंदमान-निकोबारचा एकट्याचा ३०८३.५ आहे, गुजरातपेक्षा कितीतरी जास्त, पण ते राज्य नाही, त्यामुळे प्रश्नात "राज्य" हा शब्द क्विझमास्टर पुटपुटला की हात वर करून पुन्हा विचारून घ्या.

तर गुरुवारनंतर ठरलंय ते असं. आकड्याच्या प्रश्नात साल आणि कशाप्रमाणे हे दोन्ही सांगायचं. शीटवर एकापेक्षा जास्त सरकारी आकडे असतील तर सगळे चालतील. हरकत राउंड संपेपर्यंत घेता येईल, फोन उघडून दाखवायचा झाल्यास फक्त क्विझमास्टरच्या टेबलावर. मागचा निकाल बदलणार नाही, पिचर तसाही संपलाय. ८७८वाल्यांना पुढच्या वेळी चकल्या फुकट, असं मालक म्हणालाय, तोंडी.

आणि येत्या गुरुवारी किनाऱ्यावरच एक प्रश्न आहे, तो मीच काढलाय: लांबीत महाराष्ट्राचा राज्यांमध्ये नंबर कितवा. जुना तक्ता घ्या नाहीतर नवा, चौथा. आता उत्तर इथेच फुटलं म्हणून प्रश्न बदलावा लागेल, पण बघू किती जण इथपर्यंत वाचतात ते.