ट्रेलरचा कॅम्पर करायचाय? कटर हातात घेण्याआधीचे कागद

दिवाळीला घरी आलेल्या भाच्याने फराळाचं ताट बाजूला सारून मोबाईल पुढे केला. अमेरिकेतले एक गृहस्थ बारा फूट लांब, सहा फूट रुंद असा अ‍ॅल्युमिनियमचा बंद माल-ट्रेलर आणतात, बाजूला खिडकी कापतात, आत पलंग, ओटा, बॅटरी बसवतात आणि हा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीला जोडून निघतात. "मामा, सांवेर रोडला हे आठ दिवसांत होईल." होईल, त्यात शंका नाही. इंदूरला वेल्डिंगचे चांगले हात मिळतात, आणि वाहन कारखान्यांचं पिथमपूर जवळ असल्यामुळे गाड्यांची बॉडी समजणारे लोकही मिळतात. त्याने आधीच गाठून ठेवलेला कारागीर फोनवर म्हणाला होता, "भिया, पास-वास का बाद में देख लेंगे."

सगळी गोम त्या 'बाद में'त आहे. काम उत्तम झालं आणि नायता मुंडल्याच्या आरटीओत तो ट्रेलर उभा राहिला की निरीक्षक खिडकी बघत नाही, आरसी बघतो. आरसीत 'माल ट्रेलर' आणि समोर पलंग, म्हणजे प्रश्न तिथेच अडकला. म्हणून पत्र्याला हात लावण्याआधी काय करायचं ते इथे सांगतो.

कायदा ट्रेलरकडे कसा बघतो

ट्रेलरला इंजिन नाही, म्हणून ते गाडीमागे बांधलेलं सामान, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेच मोटार वाहन आहे. कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी स्वतंत्र, आरसी स्वतंत्र, नंबरही स्वतंत्र. ओढणाऱ्या गाडीच्या कागदांवर तो चालत नाही.

त्यानंतर येतं कलम ५२. आरसीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. बदल म्हणजे रचनेतला असा फरक, की वाहनाचं मूळ स्वरूपच पालटावं. पडदे, गादी, फोल्डिंग खुर्च्या ठेवल्याने स्वरूप पालटत नाही. बाजूचा पत्रा कापून खिडकी काढणं, छताला झरोका पाडणं, कायमचा पलंग आणि ओटा ठोकणं, मालाच्या डब्याची राहायची खोली करणं, हे सगळं मात्र बदलातच मोडतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम सांगितलं: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द सावकाश वाचा. खिडकी एक, झरोका दुसरा, दार तिसरं.

आरटीओबाहेरच्या टपऱ्यांवर एक सल्ला फुकट मिळतो: "करून टाका, चौदा दिवसांत कळवलं की झालं." चौदा दिवसांची तरतूद कलम ५२ मध्ये आहे हे खरं. पण ती झालेल्या बदलाची नोंद आरसीवर चढवण्यासाठी आहे. जो बदल मुळात करताच येत नाही, तो कळवल्याने कायदेशीर होत नाही. उलट तुम्ही सहीनिशी कबुली देऊन येता.

घरचा की भाड्याचा

ट्रेलर खासगी की भाड्याचा, हे अर्ज भरतानाच ठरवावं लागतं आणि नंतर फिरवायला जड जातं. केंद्राच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांचे प्रकार लावून दिले आहेत. त्यात कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर दोन्ही याद्यांत सापडतो. व्यावसायिक, म्हणजे परिवहन वाहनांच्या यादीत तो आहेच. आणि 'खासगी वापरासाठीचा कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' असा वेगळा उल्लेख बिगर-परिवहन यादीतही आहे. आरटीओच्या खिडकीवरच्या माणसाने "असा प्रकार नसतो" म्हटलं तर वाद न घालता ही अधिसूचना छापून पुढे ठेवावी. माझ्या मते फायलीतला सर्वांत कामाचा कागद तोच.

खासगीत नोंदवला तर नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. भाड्याने द्यायचा, मांडूला किंवा महेश्वरला पर्यटकांसाठी उभा करायचा, असा बेत असेल तर फिटनेस, परमिट आणि व्यावसायिक कर यांचा संसार मागे लागतो. कर मध्य प्रदेशच्या १९९१ च्या मोटरयान कराधान कायद्याने आकारला जातो. आकडा दलालाकडून ऐकू नका, अर्ज भरायच्या दिवशी परिवहन पोर्टलवर बघा. खासगीत नोंदवून शनिवार-रविवारी मित्राला पैसे घेऊन देणं हेही भाडंच. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

तीन वाटा

पहिली वाट: ज्याच्याकडे कॅम्पर ट्रेलरची मान्यता आहे अशा उत्पादकाकडून तयार ट्रेलर घेणं. महाग, पण कागदांची डोकेदुखी कमी. दुसरी: मान्यता असलेल्या ट्रेलर उत्पादकाकडून फक्त चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, घेऊन त्यावर कॅम्परची बॉडी बांधून घेणं आणि पहिली नोंदणीच कॅम्पर म्हणून करणं. तिसरी वाट भाच्याच्या मनातली: आधीच माल-ट्रेलर म्हणून नोंदलेला ट्रेलर घेऊन त्याचा प्रकार बदलून घेणं. तिसऱ्या वाटेला मी सरळ नको म्हणतो. तिथे कलम ५२ आडवं येतं, आणि नोंदणी अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी नसेल तर काम सुरूच करायचं नाही.

मालव्यात चौथीही एक वाट कोणीतरी सुचवतंच: गावाकडची ट्रॅक्टरची ट्रॉली. ती शेतीसाठी म्हणून नोंदलेली असते. तिच्यावर घर बांधून महामार्गावर आणलीत तर एकाच वेळी दोन नियम मोडता.

दुसऱ्या वाटेचा कणा आहे मान्यता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ खाली उत्पादकाने नमुना वाहन ठरलेल्या चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायचं असतं. पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, मानेसरची आयकॅट या त्यातल्या माहितीच्या संस्था. आपल्याच राज्यात बुदनीची शेती यंत्रांची संस्था आहे आणि धार जिल्ह्यात पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे, तेच ११.३ किलोमीटरच्या चाचणी ट्रॅकचं. लोकांना वाटतं, एवढं दाराशी आहे तर आपला एक ट्रेलर नेऊन दाखवू. पण नमुना चाचणी उत्पादकासाठी असते. त्याचा खर्च पुढच्या अनेक ट्रेलरांवर वाटला जातो. एका घरच्या ट्रेलरसाठी तो खर्च करणं म्हणजे पोह्यांसाठी अख्खं शेत विकत घेण्यासारखं. त्यामुळे बांधणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा: मान्यतेचं प्रमाणपत्र तुमच्या नावावर आहे का, आणि त्यात हाच आराखडा आहे का? "आपलं सगळं सेटिंग आहे" हे उत्तर आलं तर चहा पिऊन निघावं.

अमेरिकेतूनच ट्रेलर आणायचं म्हणाल तर मापाची अडचण नाही. तिकडचा सर्वांत रुंद, साडेआठ फुटी ट्रेलर २.५९ मीटर भरतो आणि आपली रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, म्हणजे जेमतेम बसतो. अडचण वर्गाची आहे. सीमाशुल्काच्या यादीत राहण्या-तळ ठोकण्याचा कॅरव्हान प्रकारचा ट्रेलर ८७१६ १० खाली येतो, मालाचा ट्रेलर वेगळ्या उपशीर्षाखाली. माल म्हणून आणून इथे घर केलंत तर सीमाशुल्काचा कागद आणि आरसी कधीच जुळणार नाहीत. शिवाय जुनी वाहनं आयात करायला कडक अटी आहेत.

वजनाचा हिशेब

हा भाग मी भाच्याला जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन करायला लावला, कारण फायली सर्वांत जास्त इथे अडतात. ट्रेलरचे गट एकूण वजनावर पडतात. ७५० किलोपर्यंत टी-१, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत टी-२, मग टी-३, टी-४. एकूण वजन म्हणजे रिकामा ट्रेलर नव्हे, भरलेला.

सहा बाय बाराचा अ‍ॅल्युमिनियमचा रिकामा ट्रेलर ४५० किलोच्या आसपास धरू. प्लाय आणि आतला सांगाडा ९०. पलंग-गादी ४०. बॅटरी आणि इन्व्हर्टर ३५. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो, यात सूट नाही. ओटा, शेगडी, भांडी ३०. एसी ३०. कपडे, खाणं, खुर्च्या ६०. बेरीज ७९५. त्याने टी-१ चा ट्रेलर पाहून ठेवला होता, म्हणजे ४५ किलो जास्त. अर्जात ७५० लिहून वजनकाट्यावर ७९५ भरलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा फायदा इथेच आहे. लोखंडाच्या मानाने त्याची घनता साधारण एक तृतीयांश. पण त्याचे नखरेही आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची ताकद घटते, म्हणून खिडकी कापताना उभा खांब तोडून मग जोडण्यापेक्षा दोन खांबांच्या मधल्या जागेतच खिडकी बसवावी. लोखंडी बोल्ट थेट अ‍ॅल्युमिनियमवर आवळला आणि पावसाचं पाणी मुरलं, की त्या जागी अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड सोडू लागतं. मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती हवी. आराखड्याच्या चित्रात हे तपशील दाखवले तर तपासणीतले बरेच प्रश्न आपोआप मिटतात.

ओढणाऱ्या गाडीचं पुस्तकही काढा. कंपनीने ओढायचं किती वजन मान्य केलंय ते त्यात असतं. काही गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नये असंच लिहिलेलं आढळतं, आणि मग बाकीचा खटाटोप व्यर्थ.

फायलीत काय लावायचं

नव्या नोंदणीसाठी अर्ज फॉर्म २० मध्ये. विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१. वाहन रस्त्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र फॉर्म २२, आणि बॉडी दुसऱ्याने बांधली असेल तर बांधणाऱ्याचा भाग फॉर्म २२-अ मध्ये. विम्याचा कागद, पत्त्याचा पुरावा, पॅन, तात्पुरती नोंदणी असेल तर ती, आयात असेल तर सीमाशुल्काचा दाखला. ताबा घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो.

यात एक कागद हमखास विसरला जातो. नियम ४७ मध्ये ट्रेलरसाठी म्हणून वेगळा लिहिला आहे: आराखड्याला राज्य परिवहन प्राधिकरणाने, परिवहन आयुक्तांनी किंवा राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने मान्यता दिल्याच्या कार्यवाहीची प्रत. मोटारीच्या फायलीत हा कागद नसतो, म्हणून मोटारींची कामं करणाऱ्या दलालाला तो आठवत नाही. बांधणाऱ्याकडून ही प्रत आगाऊ पैसे देण्याआधी मागा.

जुना ट्रेलर घेतलाच असेल तर आधी तो आपल्या नावावर करा, फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातला असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत. कर्ज असेल तर फायनान्सरचं लेखी ना-हरकत, आणि फिटलेलं कर्ज आरसीवर तसंच दिसत असेल तर फॉर्म ३५ ने ते उतरवून घ्या. त्यानंतरच बदलाच्या पूर्वपरवानगीचा अर्ज: सोबत आराखडा, वजनाचा तक्ता, बांधणाऱ्याची मान्यता. पोचपावतीवर तारीख-शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

इंदूरच्या मराठी घरांसाठी एक खास सूचना. आपल्या आधारवर मधे वडिलांचं नाव असतं, इथल्या आरसीवर आणि पॅनवर ते बहुधा गाळलेलं असतं, आणि हिंदीत आडनाव कधी 'लोंढे' तर कधी 'लोंधे' होतं. ट्रेलरच्या फायलीत विक्री, विमा, मान्यता असे चार ठिकाणचे कागद एकत्र येतात. पावती फाडण्याआधीच सगळ्यांवर एकच नाव घालून घ्या. माझ्या स्वतःच्या एका जुन्या कामात निव्वळ मधल्या नावापायी तीन चकरा झाल्या होत्या, आणि नायता मुंडला काही शहराच्या मध्यावरच्या राजवाड्याच्या कोपऱ्यावर नाही.

तपासणी आणि नंतर

तपासणीला ट्रेलर प्रत्यक्ष न्यावा लागतो. चासी नंबर कोरलेली जागा प्लायने झाकू नका, नाहीतर तिथेच उचकटावं लागेल. मागचे दिवे, इंडिकेटर, परावर्तक पट्ट्या चालू आणि स्वच्छ हव्यात. घरगुती गॅसचा लाल सिलिंडर आत दिसायला नको. इंडक्शन ठेवा, बॅटरी नीट बांधलेली असू द्या. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, म्हणून आत सीटबेल्ट लावून 'बैठकव्यवस्था' दाखवण्याचा अतिउत्साहही नको.

नंबराची गंमत अशी की ट्रेलरचा स्वतःचा नंबर बाजूला असतो आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबर लावायचा असतो. घरात दोन गाड्या असतील तर मागची पाटी त्या-त्या गाडीप्रमाणे. विमा घेताना ट्रेलर कॅम्पर आहे हे लेखी कळवा, आणि ओढणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीलाही हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, बसवल्याचं कळवा.

भाच्याने आराखडा पुन्हा काढायला घेतला आहे. पाण्याची टाकी साठाची तीस लिटर केली. एसी मात्र काढायला तयार नाही. अजून १५ किलो जास्त आहेत.