वालाचे बिरडे

वालाचे बिरडे म्हणजे मोड आणून सोललेल्या कडव्या वालांची सरसरीत रसाची उसळ. मुंबई, ठाणे आणि रायगडातल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू (सीकेपी) आणि पाठारे प्रभू घरांत तिला विशेष मान आहे. दादर-गिरगावच्या इतर मराठी घरांत ती डाळिंबी उसळ म्हणून होते. सोललेला मोडाचा वाल म्हणजे डाळिंबी. श्रावणी सोमवारी उपास सोडताना ती कांदा-लसणाशिवाय करतात, आणि खरे तर तशीच ती अधिक चांगली लागते.

कडवा वाल रायगडात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर पिकतो. दाणा लहान, तपकिरी, चवीला किंचित कडवट. वाण्याकडे मोठे, गोडे वालही मिळतात, पण त्यांचे बिरडे मिळमिळीत होते. जुन्या वालाला मोड नीट येत नाहीत आणि भोके पडलेला दाणा भुंग्याने पोखरलेला असतो, म्हणून वाल पारखूनच घ्यावेत.

चार-पाच जणांना पाव किलो वाल पुरतात. ते १० ते १२ तास भरपूर पाण्यात भिजवावेत. त्या पाण्यात कडूपणा उतरतो, म्हणून ते फेकून द्यावे. न फुगलेले गणंग वेचून काढावेत. ते शेवटपर्यंत शिजत नाहीत. उरलेले वाल धुऊन, पूर्ण निथळून फडक्यात बांधावेत. मुंबईच्या उकाड्यात १८ ते २४ तासांत सेंटिमीटरभर मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात पुरचुंडी घट्ट बांधली किंवा पाणी राहिले, तर वाल बुळबुळीत होऊन वास मारतात.

सोलणे हे खरे काम, आणि बिरडे रोज होत नाही ते त्यामुळेच. मोडाचे वाल १० मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, मोडाच्या विरुद्ध टोकाला चिमटीत दाबले की दाणा सालीतून सटकतो. पाणी कढत असेल तर दाण्याची दोन दले सुटतात. घाईच्या दिवशी दादरच्या बाजारातून सोललेल्या डाळिंब्या आणता येतात. त्या आधी हुंगून पाहाव्यात, कारण पाण्यात फार वेळ राहिल्या की आंबूस होतात.

तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करावी. तीत डाळिंब्या घालून कढई अलगद हलवावी. अर्धी वाटी ओले खोबरे, एक चमचा जिरे, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि आल्याचा तुकडा यांचे वाटण लावावे. मग डाळिंब्या जेमतेम बुडतील इतके गरम पाणी घालून वर पाण्याचे ताट झाकावे. पाणी कमी पडले तर ताटातलेच घालतात. गार पाणी ओतले की दाणा दडदडीत राहतो. मंद आचेवर १५-२० मिनिटे पुरतात. या वेळात डाव फिरवू नये, नाहीतर डाळिंब्या मोडून पिठले होते. प्रेशर कुकरचेही तेच: एका शिट्टीत गाळ.

आमसूल आणि गूळ दाणा बोटाने दबू लागल्यावरच घालावेत. आंबटपणाने वालाचे शिजणे अडते. सुरुवातीलाच आमसूल टाकले तर तासभर उकळूनही डाळिंबी करकरीत राहते. तीन-चार आमसुले, सुपारीएवढा गूळ आणि मीठ पुरे. गूळ कडवटपणा मारण्यासाठी नाही, त्याला तोलण्यासाठी असतो. वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर.

पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत अनेकदा शेवटी नारळाचे दाट दूध घालतात. त्यानंतर उकळी येऊ देऊ नये, दूध फाटते. म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे बिरडे दूध घालण्यापूर्वीच वेगळे काढतात. सामिष दिवशी काही जण त्यात सोडे किंवा कोलंबीही घालतात.

गरम भात किंवा तांदळाची भाकरी, सोबत तळलेला पापड. उरलेल्या डाळिंब्या तांदळात घालून गोडा मसाला आणि गुळाचा डाळिंबी भात करतात. त्यासाठी मात्र त्या अर्ध्याकच्च्याच बाजूला काढून ठेवाव्या लागतात.